बसलं म्हटल्याशिवाय

“आता मिठी मारा,” उर्वी म्हणाली.

कुणी हललं नाही. रंगमंचाच्या उजव्या टोकाला माझे वडील, आबा, डाव्या टोकाला दस्तगीरचाचा, आणि मधे नुसती काळी फळी. दोघांच्याही डोक्यावर गोणपाटाची खोळ. यार्डातून थेट आले होते, त्यामुळे दोघांच्या पायांचे हळदीचे पिवळे ठसे त्या काळ्या फळीवर दारापासून उमटलेले.

“केरबामामा, दस्तगीरचाचा, लक्षात येतंय ना? संगीत इथं थांबतं. तुम्ही हळूहळू मधे येता. एकमेकांकडे बघता. अकरा वर्षांनी. आणि मग मिठी.”

आबांनी खोळ काढली, झटकली आणि काखेत मारली. “बाई, पोतं सांगा, उचलतो. हे नको.”

“नुसतं उर्वी म्हणा.”

“उर्वीबाई, हे नको.”

मागं बसलेली नाचणारी पोरं हसली. कपडेवाली मुलगी तेवढ्यात पुढं आली. तिच्या हातात दोन वस्तू होत्या. आबांच्या कपाळाला लावायला अष्टगंधाची डबी आणि चाचांसाठी पांढरी जाळीची टोपी.

चाचांनी टोपी हातात घेऊन उलटीपालटी केली. “ही कशाला?”

“प्रेक्षकांना लांबून कळायला हवं ना, कोण कोण आहे ते.”

“टोपी मी जुम्म्याला घालतो, पोरी. पोत्याखाली टोपी घालून कोण जातंय? पहिल्या खेपेला पिवळी होईल.”

“ते प्रतीक आहे चाचा,” उर्वी म्हणाली.

“असंल. मग त्याला माणूस दुसरा बघा.” त्यांनी टोपी स्पीकरवर ठेवली आणि पायऱ्या उतरून चालू लागले. आबांकडे बघितलं नाही. आबांनीही मान वळवली नाही. 

उर्वी माझ्याकडे वळली. “वैजू, तू समजाव ना त्यांना. तूच तर मला सगळं सांगितलंस.”

तेव्हा मात्र आबांनी मान वळवली. 

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती शिवायचे. शाळा नववीत सुटली, नवरा चार वर्षांनी सोडला, हातातलं दाभण तेवढं टिकलं. वाचायला हमाल पंचायतीच्या कपाटातली पुस्तकं होती आणि लिहायला जुन्या कॅलेंडरांच्या पाठी. मी लिहिते हे यार्डात कुणाला माहीत नव्हतं. उर्वीला आठ दिवसांत कळलं.

ती पुण्याहून आली होती. नाच शिकायला परदेशात जाऊन आलेली. तिच्या संस्थेचा महोत्सव होता, चार शहरांत, पूर्ण हंगामभर. नाव ‘आपण’. नाच आणि नाटक एकत्र, विषय समूह, सोबत, माणसांचं जोडलेलं असणं. पहिला प्रयोग सांगलीला, मग कोल्हापूर, पुणे, मुंबई. त्यासाठी तिला हमाल हवे होते. ‘कष्टकऱ्यांचं शरीर’ हा शब्द मी त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात त्याला कंबर म्हणतात आणि ती दुखते.

बाई वाईट नव्हती. वाईट असती तर लिहायला सोपं गेलं असतं. पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत जमिनीवर बसून तिनं आमच्याबरोबर भाकरी खाल्ली. एकदा तर पोत्याला हात लावायला निघाली होती, मुकादमानं हाकललं. “बायकांनी हात लावायचा नाही. शिवायचं, झाडायचं, पण उचलायला यायचं नाही.” उर्वी माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि तू हे ऐकून घेतेस?” मला ती तिथंच आवडली. पुढचं सगळं त्यामुळं झालं.

ती वहीत लिहायची आणि मी बोलायचे. तिला मी हात लावायची रीत सांगितली. हमाल कधी एकटा पोतं पाठीवर घेत नाही. जो नेणार तो वाकतो आणि ओरडतो, “लावा हात.” जवळ असतील ते दोघं येतात, पोत्याचे दोन कान, म्हणजे तोंडाची वळलेली टोकं, धरतात आणि पाठीवर ठेवतात. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही आणि कोण आहे हे त्यानं विचारायचं नसतं. पोतं नीट बसलं की तो म्हणतो, “बसलं.” ते म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. सरकीचं असो, हळदीचं असो, आणि वाकलेला माणूस तुमचा भाऊ असो की दुश्मन. 

“दुश्मन?” उर्वीनं पेन थांबवलं.

आणि मी सांगितलं. कारण ती मला म्हणाली होती, “तुझ्यात लेखिका आहे.” हे वाक्य पुन्हा ऐकायला मी काय वाट्टेल ते सांगितलं असतं. मी आबा आणि दस्तगीरचाचांचं सांगितलं. एका टोळीतले, एका वयाचे, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चाचांचा धाकटा भाऊ मकबूल ट्रकच्या फळीवरून पोत्यासकट पडला होता. तेव्हा शंभर किलोचं पोतं असायचं. पाठीवर ठेवणाऱ्या चार हातांतले दोन आबांचे होते. मकबूलचाचा त्यानंतर उभा राहिला तो काठीवरच. दस्तगीरचाचा म्हणाले, केरबाचा हात सुटला. आबा काही म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून बोलणं बंद. पण रोज सकाळी चाचा वाकून ओरडले, “लावा हात,” की जवळ असले तर आबा जायचे. आबा वाकले की चाचा यायचे. अकरा वर्षं. तोंडातून शब्द नाही आणि पाठीवर पोतं मात्र एकमेकांच्या हातानं.

उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. “वैजू, हेच तर आहे. हाच महोत्सव आहे.”

मी पुढं माझ्या मनानं जोडलं, की चाचांचा गैरसमज झाला होता. मकबूलचा पाय घसरला असणार. 

तिनं ते सगळं संहितेत घेतलं. एका हिंदू आणि एका मुसलमान हमालाची गोष्ट, गैरसमज, आणि शेवटी मिठी. भांडण फळीवरचं होतं, त्यात देव कुठंच नव्हता, हे मी तिला म्हणाले. ती म्हणाली, “हो गं, पण मोठं चित्र बघ ना.”

माहितीपत्रकात माझं नाव आलं. ‘संहिता साहाय्य : वैजयंता केरबा मोहिते.’ माझं नाव पहिल्यांदाच छापलेलं. पुढच्या तिन्ही शहरांत तिनं मला बरोबर न्यायचं कबूल केलं होतं. लेखनात मदत करायला. दाभण सुटणार होतं.

त्या तालमीनंतर आबा घरी आले. जेवून हात धुतला, खाटेवर बसले आणि म्हणाले, “काय लिहिलंस त्यात? मकबूलचं?”

“पाय घसरला म्हणून. चाचांचा गैरसमज झाला म्हणून.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तुम्ही कधी काही सांगितलंच नाही आबा.”

“मग न सांगितलेलं लिहिलंस कसं?”

मी चिडून म्हणाले, “मग मिठी मारायला काय जातंय तुमचं? अकरा वर्षं झाली. चांगलंच दिसेल.”

“चांगलं दिसंल,” आबा म्हणाले. “ज्यानं माफ केलं न्हाई त्याच्या गळ्यात लोकांसमोर पडायचं. म्हंजे त्याला न्हाई म्हणायची सोय न्हाई. ह्याला काय म्हणतात तुझ्या पुस्तकात?”

“मग सोडून द्या. जाऊ नका उद्यापासून.”

“शब्द दिलाय. आणि तुझं नाव छापून आलंय म्हणं.” ते आडवे झाले, भिंतीकडं तोंड केलं. “उभं राह्यला सांगितलं तर उभा राहीन.”

उर्वीनं दुसऱ्याच दिवशी मार्ग काढला. ओजस आबा होणार आणि नील चाचा होणार. दोघंही तिच्याकडं नाचणारे, काटक, देखणे पोरगे. नावं खरीच राहणार, कारण ‘वास्तवाचा गंध’ हवा. आबा मागं कोपऱ्यात खोळ घेऊन उभे राहणार, साक्षीदार म्हणून. “तुमच्या नुसत्या असण्यानंच फरक पडतो, केरबामामा.” आबांनी मान हलवली. 

पोती मी शिवली. अकरा पोती, आत थर्माकोलचा चुरा. एका हाताच्या दोन बोटांत येणारी. शेवटच्या रंगीत तालमीला ओजसनं मधलं पोतं एकट्यानं उचललं, गिरकी घेतली, खांद्यावर टाकलं, चेहऱ्यावर असा कळवळा आणला की बघणाऱ्याचं काळीज फाटावं. नील टोपी घालून आला. पोतं पडलं, दोघं एकमेकांच्या गळ्यात. बासरी.

मी आबांकडे बघत होते. ते ओजसच्या पायांकडे बघत होते. पाठीवर ओझं असलं की माणसाचे अंगठे जमीन धरतात. ओजसचे पाय हवेत होते.

आणि एकटा! सगळं सांगून, वहीत लिहून घेऊन, त्यांनी पोतं एकट्यानं उचललं. मी उर्वीला म्हणाले, “हमाल एकटा घेत नाही. मी पहिल्या दिवशी सांगितलंय.” ती म्हणाली, “दृश्यात एकटेपणा आला पाहिजे वैजू, म्हणजे मग मिठी उठते.” मी म्हणाले, “मग रीत खोटी होते.” ती हसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “कलेत थोडं सैल धरायचं असतं.”

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी यार्डातल्या आमच्या दुकानात गेले. शेटला म्हणाले, एक पोतं पाहिजे, भरलेलं.

“कशाला?”

“नाटकाला.”

“नाटकात खरी हळद?” शेट हसला. “ने. पण उद्याच्या सौद्यात लागंल, सकाळी परत आलं पायजे.”

पन्नास किलो. तोंड मी स्वतः शिवलं, दोन्ही कान नीट वळून ठेवले. टोळीतल्या दोघांनी हातगाडीवरून आणून दिलं. मुकादमाच्या हातात बाल्कनीचे बारा पास गेले होते, त्यामुळं त्या दोघांनी जाताजाता विचारलं, “संध्याकाळी बघायला येतोय गं, काय हाय त्यात?” मी म्हणाले, “बघा की.” रंगमंचाच्या मधोमध, थर्माकोलच्या जागी, मी ते मांडून ठेवलं. 

आबांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. काय होईल याचा विचार केला नव्हता, हे खरं. राग आला होता, आणि त्या रागात अर्धा राग माझ्यावरचाच होता. न सांगितलेलं मी लिहिलं होतं.

साडेसहाला पडदा उघडला. नाट्यगृह भरलेलं. पुढच्या रांगांत शहरातली मोठी माणसं, वर बाल्कनीत आमची टोळी. मी विंगेत, उजव्या बाजूला, माहितीपत्रक हातात गुंडाळून उभी. पाऊण तास सगळं छान चाललं. खोटं का बोलू, पोरं सुंदर नाचत होती. पोती फेकत, झेलत, लाटेसारखी. स्पीकरमधून माझेच शब्द दुसऱ्या बाईच्या गोड आवाजात: केरबा आणि दस्तगीर, आणि एक छोटासा गैरसमज. आबा मागच्या कोपऱ्यात उभे होते. ‘गैरसमज’ आला तशी त्यांची मान खाली गेली.

मग ओजस मधल्या पोत्यापाशी आला. ऐटीत वाकला, झटका दिला.

पोतं हललं नाही.

त्यानं पुन्हा झटका दिला. चेहऱ्यावरचा कळवळा गेला, तिथं एका तरुण पोराचं साधं आश्चर्य आलं. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी मिठी मारून ओढलं. गोणपाटावर घामाचे हात सरकले. नील टोपी घालून ठरल्या जागी आला होता. तो घोटाळला, मग पुढं झाला. दोघांनी मिळून पोतं गुडघ्याएवढं उचललं, पण कान कुणी धरले नव्हते. पोतं पोटातून वाकलं आणि धप्पकन खाली बसलं. वरून बारीक पिवळी धूळ उडाली आणि दिव्याच्या झोतात तरंगत राहिली. 

आबांनी मान वर केली.

भरलेलं पोतं जमिनीवर कसं बसतं हे हमालाला सांगावं लागत नाही. त्याचं पोट पसरतं. आबांनी ते बघितलं, मग विंगेत माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला वाटलं आता उतरून निघून जातील. 

ते मधे आले. “सरा पोरांनो.”

खोळ डोक्यावरून पाठीवर सारखी केली. पाय फाकवून अंगठे रोवले. गुडघ्यांवर हात टेकून वाकले. आणि यार्डात ओरडतात तसे ओरडले, “लावा हात!”

भरल्या नाट्यगृहात तो आवाज जाऊन मागच्या भिंतीला आपटला. बासरीवाल्यानं ओठांवरची बासरी काढली. पुढच्या रांगेत कुणीतरी कौतुकानं ‘वा’ म्हटलं. नऊशे माणसं बसली होती, समूहाबद्दल बघायला आलेली, आणि एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस त्यांच्यापुढं पाठ वाकवून उभा होता. सगळे बघत होते. त्यांना वाटलं, हेही त्यातलंच.

“लावा की हात!”

उर्वी समोरच्या विंगेतून मला खुणा करत होती, काहीतरी कर, पडदा, त्यांना बाहेर काढ. मला ती अजून दिसते. हातवारे करणारी, घाबरलेली. मी काहीतरी केलं. माहितीपत्रक खाली टाकलं आणि रंगमंचावर गेले.

बायकांनी हात लावायचा नाही. बरं. मी उजवा कान धरला. खाली वाकलेल्या आबांना माझे पाय दिसले असणार, सुतळीनं शिवलेल्या चपलेतले. त्यांनी कोण आहे विचारलं नाही. 

एकट्याच्या हातानं पोतं वर जात नाही. ओजस माझ्याजवळ सरकला. “मी लावू?” तो कुजबुजला. आबा म्हणून लावलेला अष्टगंधाचा टिळा घामानं ओघळून नाकावर आला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात वर बाल्कनीत खुर्च्या वाजल्या.

नंतर मुकादमानं सांगितलं ते असं. हाक आली तशी अख्खी टोळी उभी राहिली. दस्तगीरचाचा कडेच्या खुर्चीवर होते. का आले होते देव जाणे, तालीम सोडून गेल्यावर त्यांनी नाव काढलं नव्हतं. ते उठले आणि बाकीच्यांना हातानं खाली बसवलं. “बसा. मी जातो.”

बाल्कनीचा जिना लांब आहे. मग मधली वाट. चपलांचा आवाज नऊशे माणसांनी ऐकला. आबा तसेच वाकलेले. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. चाचांनी रंगमंचाच्या पायरीशी चपला काढल्या आणि अनवाणी मागच्या अंगानं आले. नीलच्या डोक्यावर ती जाळीची टोपी होती. चाचांनी एक क्षण बघितलं, मग म्हणाले, “बाजूला हो रे, माझ्या जागेवर उभा हायस.”

त्यांनी डावा कान धरला. माझ्याकडं बघितलं. “मान बाहेर ठेव. गुडघ्यातनं उचल, कमरेतनं नको. हं.”

पोतं वर गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा उचलत होते. मनगटं निखळतील असं वाटलं. आम्ही ते आबांच्या पाठीवर ठेवलं. दस्तगीरचाचांची एक सवय आहे, ते पोतं नेहमी वीतभर वर बसवतात, मानेच्या मुळाशी. बाकीचे मधोमध ठेवतात. डावी बाजू वीतभर वर गेली, आणि आबांची पाठ ताठ झाली. कळलं त्यांना.

आता ते ‘बसलं’ म्हणणार, आणि आम्ही हात सोडणार.

आबा म्हणाले नाहीत.

पोतं पाठीवर, आमचे हात पोत्यावर, आणि आबा गप्प. अर्धं वजन आमच्या हातांत तसंच. माझे खांदे कापायला लागले. चाचांच्या दंडाच्या शिरा फुगल्या. मग आबा बोलले. जमिनीकडं तोंड करून, हळू. दोन वाक्यं. प्रेक्षकांना ऐकू गेलं नाही, ओजसला नाही, उर्वीला नाही. ऐकणारे दोघंच, चाचा आणि मी. ती वाक्यं इथं लगेच लिहीत नाही. आधी ती ज्याची होती त्याला सांगायची होती.

मी चाचांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. नुसता घाम.

“बसलं,” आबा म्हणाले. 

आम्ही हात सोडले. आबा चालू लागले. मिठी नाही, बासरी नाही. रंगमंचाच्या पायऱ्या उतरले, मधल्या वाटेनं, खुर्च्यांच्या मधून, अंगठे रोवत. लोक पाय आत घेत होते. दार कुणी उघडलं माहीत नाही. आणि तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. उभं राहून. माझ्या आयुष्यात मी एवढ्या टाळ्या ऐकल्या नाहीत, आणि एवढ्या बिनकामाच्याही नाहीत.

नाट्यगृहाच्या पोर्चमध्ये आबांनी पोतं उतरवलं. उतरवायलाही हात लागतो. चाचा मागोमाग होतेच. दोघांनी मिळून ते भिंतीला टेकवलं. एकमेकांशी शब्द नाही. चाचा परत आत गेले, चपला आणायला.

उर्वी धावत आली. डोळे लाल. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि त्या मला हव्याही होत्या. तिनं मला मिठी मारली.

“वैजू! काय केलंत तुम्ही हे! रडत होते गं लोक. हे ठेवायचं. कोल्हापूरला, पुण्याला, असंच, एकही गोष्ट बदलायची नाही. खरं पोतं, केरबामामा, चाचा बाल्कनीतून, सगळं. आणि मधे ते काय बोलले? शेवटी, वाकलेले असताना? पुण्यात आपण त्यांना कॉलर माइक लावू.”

“ते सांगणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते तुमचं नाही. माझंही नाही.”

“वैजू, अगं तू या संहितेची लेखिका आहेस.”

“होते. माझं नाव काढा त्यातनं. आणि आबांचं आणि चाचांचंही काढा. परवानगी मी दिली होती, ती माझी नव्हती द्यायला.”

ती आबांकडं वळली. “केरबामामा, तुम्ही तरी सांगा. पुण्याला येणार ना?”

आबा पोत्याला टेकून घाम पुसत होते. “पुण्यात पोतं कुणाचं हाय?”

“आपलंच. संस्थेचं.”

“आणि न्यायचं कुठं?”

“कुठं म्हणजे… रंगमंचावरून. तसंच, दारापर्यंत.”

“आणि रोज परत आणून ठेवायचं?” आबा म्हणाले. “बाई, ज्याला जायला ठिकाण न्हाई, त्याला मी हात लावत न्हाई. हे उद्याच्या सौद्याचं हाय.”

हातगाडी फाटकापाशी उभी होती. पोर्चच्या पायऱ्या उतरून पोतं तिथवर न्यायचं होतं. चाचा चपला घालून बाहेर आले, पायरीवर थांबले, आणि खोळ मागत हात पुढं केला. आबांनी आपली खोळ दिली. चाचा वाकले. “लावा हात.”

आबांनी एक कान धरला. एव्हाना पोर्चमध्ये पन्नासएक माणसं जमली होती. महोत्सवाची एक मुलगी मोबाइल वर करून पुढं आली. मी मधे उभी राहिले. 

“फोटो नको. हात लावायचा असेल तर या.”

ती मागं सरली. पन्नासातले एकोणपन्नास जागेवर राहिले. ओजस आला. नाकावरचा टिळा त्यानं कधीच पुसून टाकला होता. त्यानं दुसरा कान धरला, या वेळी नीट.

“वर घे,” आबा त्याला म्हणाले. “वीतभर वर. त्याला तसं लागतं. आणि तो बसलं म्हटल्याशिवाय सोडू नको, काय?”

“नाही सोडणार,” ओजस म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा दाभण हातात घेतलं. महोत्सव माझ्याशिवाय पुढं गेला, नावं बदलून. आबा आणि चाचा तसेच राहिले, बोलले नाहीत. लोकांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं आता तरी बोलले असतील. नाही बोलले. आधी चाचा गेले, दोन वर्षांनी आबा. ते माहितीपत्रक मी फाडलं नाही. त्यात माझं नाव बरोबर छापलंय, बाकी सगळं खोटं आहे.

आबांच्या दहाव्यानंतर मी मकबूलचाचाकडं गेले. तो यार्डाच्या फाटकाशी स्टोव्ह दुरुस्त करत बसायचा, काठी बाजूला. मी काही म्हणायच्या आत त्यानंच विचारलं, “केरबा त्या दिवशी स्टेजवर काय बोलला होता गं? दस्तूभाईला मरेपर्यंत विचारलं, त्यानं सांगितलं न्हाई. म्हणायचा, वैजूला विचार.”

मी सांगितलं. “म्हणाले, दस्तू, त्या दिवशी मकबूलनं बसलं म्हटलं नव्हतं. माझा हात आधी सुटला.”

मकबूलचाचा स्टोव्हच्या पिनेशी खेळत राहिला. “मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “मी तर खालीच होतो की. पण त्यानं म्हणायला पायजे होतं.” मग, “लिहितीस ना तू? लिही हे. पण मला बिचारा लिहू नको. मी पडल्या पडल्या केरबाला ज्या शिव्या दिल्या, त्या चांगल्या होत्या.”

“लिहीन.”

“आणि केरबा ते बोलला, तेव्हा त्याच्या पाठीवर पोतं होतं?”

“मानेवरच. चाचांनी वर बसवलेलं.”

“आणि दस्तूभाईचा हात पोत्यावर?”

“हो.”

त्यानं पिन खाली ठेवली. “मग ऐकल्यावर दस्तूभाईनं काय केलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “आबा बसलं म्हणेपर्यंत धरून ठेवलं.”